कडकोळची झोप

आमच्या गादीच्या कंपनीत हुबळी विभाग विक्रीत कायम तळाला, आणि हुबळीतही सगळ्यांत तळाला मृत्युंजय कडकोळ. माणूस साधा. गिऱ्हाईक "बघून सांगतो" म्हणालं की हा खरंच त्याच्या सांगण्याची वाट बघत बसायचा. त्यात त्याला जुळ्या मुली झाल्या. एक झोपली की दुसरी उठायची. नवरा-बायको पाळीपाळीने जागायची आणि सकाळी कडकोळ तांबारल्या डोळ्यांनी कामावर हजर व्हायचा.

असाच एकदा तो वीरण्णा शेट्टरांच्या दुकानात आमची सगळ्यांत महागडी गादी दाखवत होता. गिऱ्हाईक होत्या सरोजक्का, मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या शंका काही संपेनात. पाठ दुखते, कूस बदलली की जाग येते, मागच्या गादीवाल्यानेही असंच गोड गोड सांगितलं होतं.

"अक्का, बोलण्यापेक्षा दाखवतोच," म्हणत कडकोळने बूट काढले आणि आडवा झाला. कण्याला आधार कसा मिळतो हे सांगता सांगता तो घोरायला लागला.

शेट्टर त्याला हलवायला धावले. सरोजक्कांनी त्यांना नजरेनेच थांबवलं आणि खुर्ची ओढून बसल्या. आणखी दोन गिऱ्हाइकं आली, त्यांनाही ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. रस्त्यावरून लग्नाचा बँड वाजत गेला, तरी कडकोळ हलला नाही. बऱ्याच वेळाने जाग आली तेव्हा नोकरी गेलीच असं समजून तो दचकून उठला.

सरोजक्का म्हणाल्या, "हीच पाठवा घरी. हिच्यासारखी दुसरी नको, हीच."

बघत बसलेल्या दोघांनीही गाद्या घेतल्या.

बातमी बेंगळुरूला आमच्या मोठ्या साहेबांपर्यंत, प्रभुसाहेबांपर्यंत गेली. त्यांनी चक्क नियमच काढला: यापुढे विक्रीच्या प्रत्येक माणसाने गिऱ्हाइकासमोर झोपून दाखवायचं. आम्ही दुकानादुकानांत डोळे मिटून पडू लागलो. गदगला आमच्यातला एकजण खरंच झोपला. उठून बघतो तर गिऱ्हाईकही गेलेलं आणि बूटही. विक्री होती तिथेच. साहेबांना वाटलं, आम्हाला नीट झोपता येत नाही. म्हणून वार्षिक बैठकीत कडकोळने सर्वांना शिकवावं असं ठरलं.

पण तोवर मुली शहाण्यासारख्या झोपायला लागल्या होत्या आणि कडकोळ अगदी टवटवीत झाला होता. व्यासपीठावर गादी, डोळ्यांवर झगझगीत दिवे, समोर सगळी कंपनी. तो बिचारा या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला. मागच्या रांगेत कोणी तरी खुसखुसलं.

साहेब वैतागले. "अरे, अंग सैल सोडायचं, डोक्यात काही आणायचं नाही. एवढं सोपं आहे. हो बाजूला."

आणि साहेब आडवे झाले. क्षणभरात त्यांचा जबडा सैल पडला आणि ते घोरू लागले.

त्यांना उठवायची कोणाची छाती होईना. जेवणानंतर ते नव्या वर्षाचं वाढीव टार्गेट जाहीर करणार होते. आकडा फक्त त्यांनाच ठाऊक. कडकोळने हलक्या हाताने त्यांच्या पायांतले बूट काढले, दिवे मंद करायला सांगितलं आणि गादीच्या कडेला बसून राहिला. आम्ही चवड्यांवर चालत जेवून आलो आणि दुपारची गाडी पकडली. टार्गेट त्या वर्षी जुनंच राहिलं.

घरी बायकोने विचारलं, काय झालं बैठकीत?

"काही नाही," कडकोळ म्हणाला, "साहेबांना झोपवून आलो."

तिला वाटलं, नवऱ्याने बोलण्यात साहेबांना पार चीत केलं. तिने त्या रात्री मिरची-भजी तळली.