माणशी धूर

भोंगा झाला की धूर घरी यायचा. कोळसापट्ट्यातल्या सोनझरी वस्तीच्या हे अंगवळणी पडलं होतं. वीजकेंद्रातली वीज तारांवरून दूरच्या शहरांकडे निघून जाई, आणि धूर संध्याकाळी गुरं परततात तसा वस्तीत शिरे. माणशी एक धूर. ज्याला त्याला आपलं दार ठाऊक होतं. घरात येऊन तो आपल्या माणसाच्या जागेवर बसे.

दिवेलागणीला पुढचं दार उघडं ठेवायचं आणि मागचं लावून घ्यायचं, म्हणजे आलेली लक्ष्मी निघून जात नाही, ही जुनी रीत. त्यामुळे धूरही रात्रभर घरातच राही. सकाळी बायका मागचं दार उघडून त्याला झाडून बाहेर काढत.

लटारी वाढईने चैत्रापासून मागचं दार उघडलं नव्हतं. चैत्रात त्याची बायको पंचफुला गेली. तेरावं झाल्यावर वीजकेंद्राकडून मोजणीची बाई आली. घरात माणसं किती, असं तिने विचारलं आणि लटारी सवयीने म्हणून गेला, "दोन." त्या संध्याकाळी दोन धूर आले. त्यातला एक चुलीपाशी बसला, एक गुडघा वर करून, पंचफुला बसायची तसा. लटारीने त्याच्यापुढे पाण्याचा गडवा ठेवला. सकाळी त्याला झाडून काढायला हात धजेना.

मग आजचा धूर कालच्या धुरावर बसू लागला. खोली आतून जाड होत गेली. आधी कपाट गेलं, मग खिडकी.

आषाढात पुण्याहून पोरीचा, प्रणालीचा, फोन आला.

"बाबा, फ्लॅट घेतला. गाडी पण घेतली. दोन्ही खोल्यांत एसी आहे."

"बरं झालं. तुमचा धूर कुठं बसते?"

"इकडं चालत नाही बाबा. सोसायटीचा नियमच आहे. जागा किती महाग आहे इथं. आम्ही गावचा पत्ता दिलाय."

संध्याकाळी तिचा धूर आला. दारातून शिरताना त्याला वाकावं लागलं. त्याने सगळी खाट व्यापली.

शेजारचा बावणे दारातून डोकावला. त्याच्या घरी नऊ माणसं.

"आमचे नऊच्या नऊ खाटेखाली मावते, लटारी. तुही पोरगी एकलीच खाटभर."

"पगार वाढला तिचा."

"मंग आता घर वाढव."

घर वाढेना. भाद्रपदात मागचं दारही धुरात गेलं. पुढचं वीतभरच उघडे. लटारीला आता पाय लांब करता येत नव्हते. चुलीजवळची जागा मात्र तो अंग चोरून मोकळी ठेवत होता.

मोजणीची बाई पुन्हा आली. फटीतून तिचा एक डोळा दिसत होता.

"काका, आज तिन्ही आले तर हे दार मिटेल. एक कमी करावा लागेल."

"पोरीचा करा."

"त्यांचं वाढतंच राहणार. वाढतंय ते कमी होत नाही. घरात कुणी वारलं असेल तर सांगा, त्याचा लगेच काढता येतो."

लटारीने वळून पाहिलं. चुलीपाशी गुडघा तसाच वर होता.

"घरात माणसं किती?" बाईने विचारलं.

"एक."

"कोण?"

"पंचफुला."

"आणि लटारी वाढई?"

"तो चैत्रात गेला जी."

बाई बरं म्हणाली आणि पुढच्या घरी गेली. थोड्या वेळाने भोंगा झाला. पंचफुलाचा धूर फटीतून आत आला आणि आपल्या जागेवर बसला. लटारीला बरं वाटलं. त्याच्या मागून प्रणालीचा आला. तो आता खाटेवर मावत नव्हता. त्याने खोलीभर नजर फिरवली, आणि लटारी बसला होता त्याच जागेवर, तिथे कुणी नसल्यासारखा, ऐसपैस मांडी घालून बसला.