एव्हिसने निवडलेलं जहाज

मी वॉकर बोलतोय. चार चाकं, दोन ब्रेक, मधे बसायला काळी गादी आणि पुढे जाळीची टोपली, एवढाच माझा ऐवज. मला ढकलत चालायचं, आणि दम लागला की वळून माझ्यावरच टेकायचं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही. मला आठवतं ते साउदॅम्प्टनच्या शर्ली भागातलं दुकान. काठ्या, कमोडच्या खुर्च्या आणि उंच केलेल्या पलंगांच्या गर्दीत मी उभा होतो. तिथून मला एव्हिस हॉस्किनने घरी आणलं, तिच्या नवऱ्यासाठी, डेन्झिलसाठी. तो स्वतः दुकानात आलाच नाही. बाहेर गाडीत तोंड फिरवून बसून राहिला.

डेन्झिलने आयुष्यभर बस चालवली होती. पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यावर त्याचा डावा पाय मागे राहायला लागला. मला पहिल्यांदा पाहून तो म्हणाला, "वूल्स्टनची अख्खी वस्ती मी बसने पुलापलीकडे नेऊन सोडलीय. आणि आता ही बाबागाडी मला नेणार?"

"ती तुला नेत नाही, तू तिला नेतोस," एव्हिस म्हणाली. "उगाच तिच्यावर कशाला डाफरतोस?"

तेव्हापासून त्या घरात माझं नाव बाबागाडी पडलं.

एव्हिस घराच्या पुढच्या खोलीत बायकांचे केस कापायची. त्यातल्या बऱ्याचजणी जहाजावर निघायच्या आधी केस सेट करायला यायच्या, आणि परतल्या की विस्कटलेले घेऊन पुन्हा यायच्या. ड्रायरखाली बसून मोठ्याने बोलायच्या, कारण त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येत नसे. कुठल्या जहाजावर जेवायला रांग लागते, कुठे रोज संध्याकाळी नटूनथटून जावं लागतं, कुठे पोरं पोहण्याच्या तलावात म्हाताऱ्यांवर पाणी उडवतात, कुठला डॉक्टर नुसता नावाला. एव्हिस एकदाही जहाजावर चढली नव्हती, पण तिला सगळी जहाजं तोंडपाठ होती.

लग्नाला पन्नास वर्षं झाली की आपणही जायचं, असं नवराबायकोचं ठरलं. मात्र कुठल्या जहाजाने, ते काही ठरेना. जेवणाच्या टेबलावर जहाजांच्या जाहिरातींची चकचकीत पुस्तकं पसरून दोघं वाद घालायचे. मी कोपऱ्यात उभा राहून ऐकायचो. मला ते वाद आवडायचे.

मग मार्चमधल्या एका सकाळी डेन्झिल टोस्टला लोणी लावता लावता थांबला. सुरी हातात तशीच राहिली. एव्हिस पाठमोरी उभी राहून चहा ओतत होती. ती म्हणाली, "मुरंबा संपलाय रे." दुसऱ्यांदा म्हणाली. मग वळली.

ती रडली नाही. अँब्युलन्स आली तेव्हा नाही, आणि चर्चमध्येही नाही. आलेल्या माणसांसाठी तिने हॅमची सँडविचं केली, कडा कापून, नीट त्रिकोणी. लोक कुजबुजले, "किती खंबीर आहे!" मी जवळून पाहत होतो. ती खंबीर वगैरे काही नव्हती. तिच्या आत कुणी नव्हतंच. त्या आठवड्यात तिचा हात तापलेल्या किटलीला लागला. फोड आला, तो तिला दुसऱ्या दिवशी बाही वर करताना दिसला. कुणा दुसऱ्याचा हात पाहावा तसा तिने तो पाहिला आणि बाही खाली केली.

केस कापायचं तिने बंद केलं. मला घडी घालून जिन्याखालच्या कपाटात ठेवलं, झाडू मारायच्या यंत्राशेजारी. माझ्या गादीवर धूळ साचली. दाराच्या फटीतून मला फक्त तिच्या सपाता दिसायच्या. त्या स्वयंपाकघरात जायच्या, काहीच न करता परत यायच्या.

लीड्सला राहणारी मुलगी, जिलियन, रोज फोन करायची. फोन जिन्यापाशीच होता, म्हणून मला दोघींचं ऐकू यायचं. "आई, तू इकडे ये ना राहायला."

"येईन."

"कधी?"

"तू म्हणशील तेव्हा."

"आई, तुला यायचंय का पण?"

"तुला बरं वाटत असेल तर."

जिलियन फोनवरच रडायची. एव्हिस रिसीव्हर कानाला धरून थांबायची, समोरचं रडणं संपेपर्यंत, बस थांब्यावर थांबावं तशी.

उन्हाळ्यात थेल्मा आली. डेन्झिलची थोरली बहीण, ऐंशी ओलांडलेली, कधीच लग्न न केलेली, गुडघ्यांनी अधू आणि जिभेने धडधाकट. दारातच ओरडली, "एव्हिस, भावाची ती बाबागाडी कुठेय? टाकून दिली असलीस तर आताच सांग, मी टॅक्सी परत फिरवते."

एव्हिसने मला कपाटातून काढलं. थेल्माने धूळ न पुसताच माझ्यावर बैठक मारली आणि म्हणाली, "हं. आता ऐक. तुम्ही दोघं जाणार होतात ना जहाजाने? आता आपण दोघी जाऊ."

"जाऊ," एव्हिस म्हणाली.

"कुठल्या जहाजाने?"

"कुठल्याही."

"अगं, तुला नको असेल तर नको म्हण!"

"नको असंही नाही," एव्हिस म्हणाली. ते खरं होतं. तिला हवंही नव्हतं आणि नकोही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही प्रवास कंपनीत गेलो. तिथला पार्गेटर नावाचा माणूस माझ्याकडे पाहून आधी हसला, मग त्या दोघींकडे पाहून. सावकाश, मोठ्याने बोलू लागला. "तुमच्या वयाच्या मंडळींसाठी आमच्याकडे फार छान, शांत जहाज आहे. मुलं अजिबात नाहीत. व्याख्यानं असतात, पत्ते असतात."

"आणि शवपेटी कोण देतं, तुम्ही की आम्ही आणायची?" थेल्माने विचारलं.

पार्गेटरचा चेहरा पडला. थेल्मा म्हणाली, "अहो, म्हातारी माणसं बघायला मला जहाज कशाला हवं? माझ्या घरी आरसा आहे. मला बँड हवा, नाच हवा, ते घसरगुंडीवालं मोठं जहाज दाखवा."

पार्गेटरने एव्हिसला विचारलं, "आणि मिसेस हॉस्किन, तुम्हाला?"

"आम्हाला काहीही चालेल," एव्हिस म्हणाली, डेन्झिल शेजारी बसला असल्यासारखी. मग म्हणाली, "म्हणजे, मला." थेल्माने माझा ब्रेक उगाच दाबला आणि सोडला.

पार्गेटर तसा भला माणूस होता. त्याने जहाजं बंदरात लागतील त्या त्या दिवशी आत जाऊन बघायची सोय करून दिली.

पहिल्यांदा ते घसरगुंडीवालं. जहाज कसलं, आडवी पडलेली शहराची पेठच. आत शिरताच थेल्माचे डोळे चमकले. दिवे, कारंजं, काचेच्या लिफ्ट. खोली बघायला म्हणून आम्ही एका बोळात वळलो. बोळ संपेचना. दोन्ही बाजूंना सारखी दारं, पायाखाली सारखा गालिचा, पुढे टोक दिसत नाही. अर्ध्यात थेल्माचे गुडघे बोलायला लागले. ती माझ्यावर बसली. मागून येणारी माणसं "सॉरी, सॉरी" म्हणत अंग चोरून जाऊ लागली. कशीबशी खोली गाठली तर दार असं अरुंद, की मी घडी न घालता आत जाईना. आणि माझी घडी घातली तर थेल्माने धरायचं कशाला? बोळात मला ठेवायची परवानगी नव्हती.

थेल्मा माझ्यावर बसून आपल्या गुडघ्यांकडे बघत राहिली. तिच्या मनातला नाच गुडघ्यांना झेपणार नव्हता, हे तिला त्या बोळात कळलं.

"लांब आहे हे," एव्हिस अचानक म्हणाली. "एवढं लांब नको."

थेल्माने चमकून वर पाहिलं. मार्चनंतर एव्हिसने एखादी गोष्ट नको म्हटलेली आम्ही दोघांनी पहिल्यांदा ऐकली होती.

दुसरं जहाज पार्गेटरचं आवडतं, शांत. दारं रुंद, उंबरे नाहीत, जागोजागी कठडे. माझ्यासारख्याला तर माहेरच. पण दारातच एका बाईंनी एव्हिसचा हात दोन्ही हातांत घेतला. "कशा आहात तुम्ही? एकट्या आहात का? अगदी काळजी करू नका. जोडीदार गेलेल्यांसाठी आमचं खास टेबल असतं." पुढे दुसऱ्या बाईंनी तेच विचारलं, चहा देणाऱ्यानेही तेच. प्रत्येकजण मान थोडी तिरकी करून विचारायचा. एव्हिस प्रत्येकाला "बरी आहे, आभारी आहे" म्हणत गेली. शेवटी शेवटी ते शब्द तिच्या तोंडातून आपोआप पडत होते, नळ गळावा तसे. बाहेर आल्यावर ती एका खांबाला टेकून उभी राहिली.

तिसरं जहाज बघायचं आमच्या यादीत नव्हतंच. ते शेजारच्या धक्क्याला लागलं होतं, मध्यम आकाराचं, जरा जुनं, रंगाचे पोपडे उडालेले. त्या दिवशी आमच्याबरोबर आलेला पार्गेटर म्हणाला, "त्यावर बघण्यासारखं विशेष काही नाही." म्हणून थेल्माने हट्टाने तिकडेच नेलं.

बोळ आखूड होते. मी दारातून गेलो, कडेला किंचित घासून. दुपारच्या चहाला तीन माणसांचा बँड वाजत होता आणि पाच-सहा जोडपी नाचत होती, काही बसल्या बसल्याच. थेल्माने खलाशांना प्रश्नांच्या फैरी झाडल्या. विमानात बसावं लागेल का? नाही, इथूनच निघायचं, इथेच परतायचं. डॉक्टर आहे का, आणि तो जागा असतो का? छोट्या होडीतून उतरावं लागेल अशी किती बंदरं? रोज मोत्यांची माळ घालावी लागते का? उत्तरं मिळाली तशी तिची मान डोलत गेली. मग तिने पाहिलं तर एव्हिस शेजारी नव्हती.

ती जहाजाच्या मागच्या टोकाला एका लाकडी बाकावर बसली होती. एक खलाशी तिथे कठडा रंगवत होता. तिच्याकडे पाहून त्याने नुसती मान हलवली, रंगाचा डबा तिच्या पायांपासून जरा दूर सरकवला, आणि कामाला लागला.

आम्ही पोचलो तेव्हा एव्हिस म्हणाली, "हे."

"हे काय?"

"हे जहाज."

"का गं?" थेल्माने विचारलं. आणि खरंच थांबली. उत्तरासाठी थांबणं तिच्या स्वभावातच नव्हतं, पण थांबली.

"इथे मला कुणी 'कशा आहात' विचारलं नाही," एव्हिस म्हणाली.

सप्टेंबरमध्ये आम्ही नॉर्वेला निघालो. प्रवासात काय काय पाहिलं ते मी सांगत बसत नाही. बरेचसे दिवस मी कठड्याशी उभा होतो आणि समोर पाणी होतं. थेल्मा चहाच्या वेळी मला धरून नाचायची. एका रुंद खांद्यांच्या वेल्श म्हाताऱ्याने "मी धरू का?" विचारलं तर म्हणाली, "तुम्हाला ब्रेक आहेत का?" एव्हिस बाकावर बसायची. जेवायची, झोपायची. विचारलं तर उत्तर द्यायची. घरी होती तशीच होती.

एका दुपारी थेल्मा म्हणाली, "माझ्या मानेवरचे केस बघ गं, झाडूसारखे झालेत. त्या वेल्श माणसासमोर अशी जाऊ का?" एव्हिसने मुकाट्याने कात्री काढली. थेल्मा खोलीत माझ्यावर बसली, खांद्यांवर टॉवेल. एव्हिस मागे उभी राहिली, कंगव्याने केस वर उचलले, आणि तिचे हात थांबले.

मानेच्या मागे, केस संपतात तिथे, थेल्माला दोन भोवरे होते, एकमेकांना पाठ करून. डेन्झिलला तसेच होते. जवळजवळ पन्नास वर्षं एव्हिसनेच त्याचे केस कापले होते. ते भोवरे कात्रीला कधी दाद देत नसत.

"काय झालं?" थेल्माने विचारलं. "टक्कल पडलं की काय?"

एव्हिसने दोन बोटं त्या जागी ठेवली. बराच वेळ ठेवली. थेल्मासुद्धा हलली नाही. तिला कळलं असावं, कारण ती हळूच म्हणाली, "आमच्या आईलाही होते ते."

मग एव्हिसने केस कापले, नीट, दोन्ही बाजू मापून. टॉवेल झटकला. आणि म्हणाली, "थेल्मा, मला थंडी वाजतेय."

"अगं, खिडकी सकाळपासून उघडीच आहे. मी केव्हाची कुडकुडतेय!"

"मला आत्ता वाजतेय," एव्हिस म्हणाली. तिने खिडकी लावली, कपाटातून जाड स्वेटर काढला, अंगात घातला, आणि बाह्या हाताच्या पंजांपर्यंत ओढून पलंगाच्या काठावर बसून राहिली. रडली नाही. फक्त थरथरत होती, आणि थेल्माने तिला थरथरू दिलं.

या गोष्टीला आता दोन हिवाळे झाले. थेल्माचे गुडघे आणखी गेले. ती बिटर्नच्या वृद्धाश्रमात असते आणि मी तिच्या खोलीत. माझा उजवा ब्रेक लागत नाही, टोपलीची जाळी एका बाजूने फाटलीय. खोलीतून जेवणघर आणि जेवणघरातून खोली, एवढाच माझा पल्ला. माझी तक्रार नाही. एव्हिस येते, थेल्माचे केस कापते, दोघी भांडतात. एव्हिस बरी झालीय असं मी म्हणणार नाही. काही दिवस ती येते आणि पुन्हा कुणीच नसल्यासारखी बसते. पण या वेळचं जहाज तिने एकटीने निवडलं. पार्गेटरला इतकं पिडलं म्हणे, की तो आता तिच्याशी हळू आवाजात आणि भराभर बोलतो.

तुमच्या घरातल्या एखाद्या थकल्या माणसाला तुम्ही कधी प्रवासाला धाडणार असाल, तर माझं एवढं ऐका. दारं किती रुंद आहेत ते बघा, डॉक्टर आहे का ते विचारा. पण कुठे जायचं, कशाने जायचं, हे त्यालाच ठरवू द्या. "काहीही चालेल" असं उत्तर आलं, तर ते उत्तर धरू नका. जरा थांबा.

आज दुपारी थेल्मा मला धरून खिडकीशी उभी होती. खाली बंदराच्या बाजूने जहाजाचा भोंगा वाजला, लांबलचक, तीनदा. थेल्मा ऐकत राहिली. मग म्हणाली, "गेली."

चादर बदलणारी नर्स दचकली. "अरे देवा! कोण गेली?"

"माझी भावजय," थेल्मा म्हणाली. "मदिरा बेटावर. मला विचारलंसुद्धा नाही बयेने."