सफेदीने प्यायलेला श्वास

मी एक जुनी सफेदी आहे, मित्रांनो. एका खोलीच्या भिंतीला चिकटून राहिलेला चुन्याचा थर. नाक मुरडू नका. तुम्ही आत्ता जो श्वास सोडलात ना, तसल्याच श्वासांवर मी पोसले आहे.

जन्माने मी दगड. भट्टीत घातलं तेव्हा माझ्यातली एक हवा निघून गेली. रूप तेच राहिलं, पण उचललं तर हलकी, आणि आतून दगड उरलेच नव्हते. अशा पोकळ जिवाला कळीचा चुना म्हणतात. मग पिंपात माझ्यावर पाणी ओतलं, आणि खाली विस्तव नसताना ते पाणी खदखदू लागलं. बघणारे चार पावलं मागे सरले. "विझला चुना," म्हणाले. विझते कसली! मला माझी गेलेली हवा परत हवी होती. भिंतीवर चढल्यावर मी ती माणसांच्या श्वासातून घेते, जळत्या कोळशातून घेते, अंगातलं पाणी टाकते आणि पुन्हा दगड होते.

मला भिंतीवर चढवलं मुकादमिणीने. तिच्या हाताखाली सफेदी करणाऱ्या सहा बायका होत्या, पण लेकीच्या खोलीला तिने एकीलाही हात लावू दिला नाही. लेक दहा दिवसांची बाळंतीण. दुपारी बाळाला घेऊन यायची होती, आणि मी अजून ओलीगच्च.

चुना लवकर बसावा म्हणून हे लोक खोलीत कोळशाची शेगडी ठेवतात, दार ओढतात आणि स्वतः बाहेर थांबतात. त्या दिवशी शेगडी आत असतानाच लेक येऊन खाटेवर आडवी झाली. बाहेर गार वारा सुटला होता.

जावई वेल्डर. त्याने आल्या आल्या खिडकी ढकलून उघडली. "आई, कोंडलेला कोळसा वाईट. आमच्या शेडमध्ये एकजण असाच आडवा झाला होता."

"जावईबापू, तुम्ही लोखंड चिकटवा. भिंती मला शिकवू नका. कोळशाची हवा चुना पितो. माझं नातवंड गारठलं तर तुमची शेड येणार आहे का शेक द्यायला?"

"निदान फट तरी ठेवा."

"फट तुमच्या डोक्यात ठेवा. जा, पाळणा घेऊन या."

तो गेला. तिने खिडकी लावली, दाराला आतून कडी घातली आणि मला पाठ टेकून शेगडीजवळ बसली.

मित्रांनो, तिचं म्हणणं अर्धं खरं होतं. कोळशाची एक हवा मी पितेच. पण कोंडलेला कोळसा दुसरीही एक हवा सोडतो. तिला रंग नाही, वास नाही. ती माझ्याजवळून गेली, मला शिवलीसुद्धा नाही. सरळ खाटेकडे गेली.

"आई, डोकं जड झालंय गं."

"प्रवासाचा शीण तो. गाल बघ कसे लाल झालेत तुझे. ऊब मानवली माझ्या पोरीला."

लेकीचे डोळे मिटले. बाळाची चुळबुळ थांबली. माझ्या अंगावरून थेंब ओघळत होते. खोलीत जागी होती ती फक्त शेगडी.

जावई आला. हाका मारल्या, दार ठोठावलं, शेवटी पाळण्याच्या पायाने खिडकीची काच फोडून आत उतरला. बायकोला आणि बाळाला ओढत त्याने वाऱ्यावर नेलं. बऱ्याच वेळाने बाळ रडलं. लेक ओकली, मग डोळे उघडले.

मुकादमिणीला तो हलवत राहिला. "आई, शिव्या द्या मला, पण उठा!"

पाण्याची वाफ झाली तर गार होऊन ती परत पाणी होते. राखेचा पुन्हा कोळसा होत नाही. ती उठली नाही.

तिच्या पाठीचा ठसा माझ्यावर आहे. ओला होता तेव्हा उमटला, आता दगड झाला आहे. तिच्या शेवटच्या श्वासातली हवाही त्यातच आहे. मी ती घेतली, कारण मला दुसरं काही येतच नाही. लेक दरवर्षी बाकीची भिंत पांढरी करते, तेवढी जागा सोडते.

शेगडी पेटवाल तेव्हा खिडकी सताड उघडा, बाळांनो. भिंतीवर भरवसा ठेवू नका. तिला फक्त आपली भूक कळते.