सातशे घोड्यांची गाडी

मिस्त्रीने गिअरबॉक्समधून काढलेल्या क्लचप्लेटी वर्तमानपत्रावर ओळीने मांडल्या, हात पुसले आणि कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. जुन्या प्लेटी वाचल्याशिवाय नवा माल सांगायचा नाही, हा त्याचा नेम. मालक खोटं बोलतो, प्लेट बोलत नाही, असं तो म्हणायचा. स्वतः मात्र दिवसाला दहा थापा मारायचा.

"मी बांधलेल्या एका बॉक्सनं गाडी अशी सुटली," तो म्हणाला, "की सावली इथंच राहिली. मालक दुसऱ्या दिवशी येऊन गुंडाळून घेऊन गेला."

धाकटा हसला नाही. लोखंडी स्टुलावर बसलेली त्याची वहिनीही हसली नाही. थोरला भाऊ जाऊन चार महिने झाले होते; गाडी त्याची. घरात दोघंही पानात पडेल ते खात, विचारलं तेवढंच बोलत. धाकट्याला अजून एकदाही रडू आलं नव्हतं. डोळे तपासून घ्यावेत का, असंही त्याच्या मनात येऊन गेलं होतं.

"सगळ्यात कडक लावा," तो म्हणाला. "जाड प्लेटी, तेलाचा मोठा कूलर. आणि कन्व्हर्टर चार हजारांवर पकडणारा."

"म्हणजे इंजिन चार हजार फेरे बोंबलल्याशिवाय गाडी जोर धरणार नाही. ट्रॅकवर गोळी, सिग्नलला म्हैस."

"ट्रॅकवरच न्यायचीय. दादा दर रविवारी पाव मैल दहा सेकंदांत काढायचा. मला एकदा काढून बघायचाय. तेव्हा तरी काहीतरी होईल."

मिस्त्रीने एक प्लेट उचलून उजेडात धरली. उलटी करून पुन्हा धरली.

"दहा सेकंद कोण म्हणालं?"

"दादाच. सगळ्या गल्लीला माहीत आहे."

"ही दुसऱ्या गिअरची. ट्रॅकवर सोडलेल्या गाडीत ही काळी ठिक्कर पडते. हिच्यावर कारखान्याचा छापा अजून वाचता येतोय." त्याने ओळीच्या टोकाची प्लेट पुढे सरकवली. "आणि ही रिव्हर्सची. पार जळालीय. ही गाडी पळालेली नाही, साहेब. मागं गेलीय. नुसती मागं."

थाप मारताना त्याचा एक डोळा बारीक व्हायचा. आता दोन्ही डोळे तसेच होते.

"ट्रॅकवर काहीतरी तुटलं असेल, नवी प्लेट टाकली असेल," धाकटा म्हणाला.

वहिनीने ती प्लेट हातात घेतली. अंगठा काळा झाला.

"मी लायसन्सला तीनदा नापास झाले," ती म्हणाली. "तिन्ही वेळा रिव्हर्सला. तुम्ही येईल त्याला सांगायचात, भाऊजी. वहिनी गाडी मागं घेतेय, खांबांनो सरका."

धाकट्याने वर्तमानपत्राचा दुमडलेला कोपरा सरळ केला.

"ते म्हणाले, घरी बोलायचं नाही. रविवारी बंद कारखान्याच्या मागं चार पिंपं मांडायचे. दोन-दोन तास मी मागं, मागं. ते घड्याळ धरून उभे. शेवटी दहा सेकंदांवर आलं होतं."

"सातशे घोड्यांच्या ताकदीच्या गाडीवर रिव्हर्स शिकवला?" मिस्त्री म्हणाला.

"घरात दुसरी नव्हती."

कोपऱ्यातल्या डब्यात तेल ठिबकत होतं. मग मिस्त्रीने कानावरची पेन्सिल काढली आणि दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"मग काय लिहू?"

"रिव्हर्सच्या प्लेटी जाड," धाकटा म्हणाला. "कूलर मोठाच. कन्व्हर्टर साधा लावा. सिग्नलला चालेल असा."

आठव्या दिवशी गाडी तयार झाली. तोंड आतल्या भिंतीकडे, मागे दाराचे दोन खांब. वहिनी स्टिअरिंगपाशी बसली. सवयीने धाकटा गाडीमागे जाऊन उभा राहिला आणि त्याने खूण करायला हात वर केला.

गाडी हलली नाही. वहिनी आरशात बघत नुसती बसून होती.

तो बाजूला झाला.

गाडी एका दमात दोन्ही खांबांमधून मागे गेली आणि रस्त्याच्या कडेला सरळ उभी राहिली. धाकट्याचा हात अजून वरच होता.

"किती?" मिस्त्रीने विचारलं.

"नऊ," धाकटा म्हणाला. आवाज घोगरा निघाला. तो एकदा खाकरला, तरी तसाच राहिला.