पॉपलरचं वजन, मुळांसकट

साताऱ्याची विनया चंडीगढच्या विद्यापीठात झाडांवर संशोधन करायची. आसपासच्या जंगलांत आणि शेतांत किती कार्बन साठतो, याचा अंदाज तिला बांधायचा होता. त्यासाठी निदान काही झाडं मुळांसकट तोलायला हवी होती, पण प्लायवूडसाठी लावलेलं, वाढतं पॉपलरचं झाड द्यायला कुणी राजी होईना. दोन हजार तीनच्या जानेवारीत डेराबस्सीजवळच्या शेतकरी कृष्णादेवी तेवढ्या तयार झाल्या.

"बांधावरचं घ्या, मॅडमजी. लाकूड माझं. पण बुंधा पार उपटून द्यायचा. मागे ठेवलात तर माझा ट्रॅक्टर अडकतो."

विनयाने नवऱ्याला गळ घातली. जयंत चंडीमंदिरच्या लष्करी छावणीत मेजर होता. रविवारी तो आला आणि विनयाच्या दोन सहकाऱ्यांना कुठे उभं राहायचं, कसं खणायचं, ते सांगू लागला.

कृष्णादेवी खाटेवरून थोडा वेळ ऐकत राहिल्या. "फौजीसाब, हुकूम पक्का आहे. पण चौथी कुदळ कोण चालवणार?"

जयंतने स्वेटर काढला आणि कुदळ उचलली.

खोड आधी कापून तोललं; दुपार कलली तेव्हा कुठे बुंधा आणि मुळं मोकळी झाली. माती झटकून, पोत्यांत भरून ती धान्याच्या काट्याला टांगली. विनयाच्या अंदाजापेक्षा बरीच जास्त भरली. तिने तीनतीनदा तोलून पाहिली आणि हसतच सुटली.

"एवढं काय त्यात?" कृष्णादेवींनी विचारलं.

"झाड हवेतला कार्बन ओढून अंगात साठवतं. खोडाचं प्लायवूड झालं की तो त्यात राहतो. जाळलं की धूर होऊन परत वर."

गव्हावर गळलेला पॉपलरचा पाला गोळा करून जाळण्यासाठी बांधावर रचलेला होता. कृष्णादेवींनी तिकडे पाहिलं. "आणि हा?"

"कुजवून शेतात घातलात तर थोडा मातीत टिकेल. जमीनही सुधारेल."

"थोडाच?"

"थोडाच. उगीच वाढवून कशाला सांगू?"

हे उत्तर कृष्णादेवींना आवडलं असावं. त्या उठल्या. "खड्डा तर तुम्ही खणूनच ठेवलाय." आणि त्यांनी पहिली पाटी स्वतः ओतली.

पाला दाबून होतोय तोच शेजारचा सुरेश आला. उपटलेला बुंधा पाहून म्हणाला, "मॅडमजी, माझीही दोन घेऊन जा. एक कोवळं, एक जुनं. मुळांसकट."

विनयाला वेगवेगळ्या वयाची झाडं हवीच होती. जयंत तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "पुढच्या रविवारी."

जयंतने हातावरच्या फोडांकडे पाहिलं आणि कृष्णादेवींपुढे चहाचा रिकामा पेला धरला. "अजून थोडा द्या, माताजी. गूळ जरा जास्त घाला."