आधी पाना, मग वीट

माझ्या मुलानं योगेशच्या तोंडावर पाइप पाना घातला, तेव्हा माझी नात दीक्षा ऑटोत होती. मे महिन्याची दुपार होती. वलगावात अशा उन्हात कुत्रंसुद्धा रस्त्यावर नसतं. शिकवणीहून येणारा ऑटो आमच्या गल्लीत वळला, ड्रायव्हर समोरचा खड्डा पाहत होता आणि दहा वर्षांची दीक्षा बाजूनं डोकं बाहेर काढून घर आलं का ते पाहत होती. गल्लीत दुसरं कोणी नव्हतं.

भांडण नालीचं. समोरच्या योगेशनं नालीत सिमेंट ओतलं होतं आणि आमच्या मोरीचं पाणी आठ दिवस अंगणात तुंबलं होतं. माझा मुलगा अनुप बोअरच्या मोटारी दुरुस्त करतो, दीड हाताचा पाना सदा त्याच्या पिशवीत असतो. "पाह्य तूच काय केलं ते," असं म्हणून त्यानं योगेशला नालीतल्या पाइपाकडे वाकायला लावलं, आणि तो वाकला तेव्हा पाना खाली आला. डोळ्याखालचं हाड आत गेलं. योगेश गुडघ्यांवर बसला, एका हातानं डोळा धरला, दुसऱ्या हातानं जमीन चाचपली. वीट सापडली ती त्यानं फेकली. अनुपच्या कपाळाला चार टाके पडले. योगेशचा डावा डोळा गेला. तो अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात पडून आहे, धड भानावर नाही, आणि त्याची माय उशाशी बसून त्याला त्याचंच नाव सांगत असते.

हे सगळं दीक्षानं मला त्याच दिवशी सांगितलं. अनुपनं मात्र पोलिसांना सांगितलं की योगेशनं आधी वीट मारली. पुढे जामीन मिळवून देणाऱ्या वकिलानं त्याला शिकवलं, एवढं नको, 'दोघांनी एकाच वेळी मारलं' म्हण, तेवढं पुरे. पाहणारी एकच, तीही पोर.

'एकाच वेळी.' हे शब्द मी चौसष्ट वर्षांपूर्वी ऐकले आहेत.

माझे वडील जानराव मूर्तिजापूरला छोट्या गाडीच्या लाइनीवर गँगमन होते. मी तेव्हा दीक्षाएवढीच. एकदा त्यांनी मला आणि आईला अचलपूरच्या गाडीत बसवलं आणि फलाटावर उभे राहिले. कापसाच्या दलालाचा माणूस आला आणि गठ्ठे उचल म्हणाला. छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर माझे वडील फुकट ओझं उचलत नव्हते. ते नाही म्हणाले. गाडी हलली होती. मी खिडकीतून पाहत होते. त्या माणसानं त्यांच्या मानेवर मागून काठी घातली. ते खाली वाकले, सावरले, मग त्यांनी खांद्यावरचा हातोडा हातात घेतला. मग चौघं आले. ती गाडी इतकी हळू चालायची की मला सगळं दिसलं. पहिला दात फलाटावर पडला तोही. तिसऱ्या दिवशी ते गेले. कागदावर लिहिलं गेलं, 'दोन्ही बाजूंनी एकाच वेळी मारहाण'. आईनं खाली अंगठा दिला, तिला वाचता येत नव्हतं. मी पोलिस साहेबांना म्हणाले, आधी काठी पडली. ते हसून म्हणाले, चालत्या गाडीतल्या पोरीनं काय पाहिलं असणार.

पुढे अमरावतीच्या कॉलेजात सापेक्षता शिकताना पुस्तकात गाडी निघाली आणि फलाट निघाला. मी पुस्तक मिटलं आणि दोन दिवस उघडलं नाही. मग उघडलं, आणि निवृत्त होईपर्यंत मिटलं नाही.

याच उन्हाळ्यात मी दीक्षाला ते शिकवलं होतं. अनुप बाजूला टीव्ही पाहत होता. तो ऐकत असेल असं वाटलं नव्हतं.

पोलिसांतल्या मॅडम दीक्षाचा जबाब घ्यायला येणार होत्या, त्या सकाळी ती माझ्या खोलीत आली. ओढणीचं टोक चावत होती.

"आजी, बाबा म्हणतात मी चालत्या ऑटोत होती म्हणून मले उलटं दिसलं. म्हणे तुह्याच आजीनं सांगतलं, गाडीतल्याले येगळं दिसते अन् खालच्याले येगळं. अन् दोघंही खरे."

मी शिकवलेल्या धड्यावर माझाच मुलगा रक्त पुसत होता.

"बस," मी म्हणाले. "मी काय सांगितलं होतं ते तू सांग."

"फलाटावर मधोमध एक माणूस. गाडीत मधोमध मी. इंजिनवर एक वीज पडली, शेवटच्या डब्यावर एक. खालच्या माणसाले दोन्हीचा उजेड सोबतच दिसला, तर तो म्हणते दोन्ही सोबतच पडल्या."

"आणि तू?"

"मी इंजिनाकडे चालली. तिकडचा उजेड मले आधी भेटते, मागचा मागून येते."

"मग गाडी पळते म्हणून समोरचा उजेड तुझ्याकडे जास्त जोरात येतो?"

"नाई. उजेडाचा वेग सर्व्याले सारखाच. गाडी कितीही पळू दे." हे तिला पाठ होतं. "म्हणून मले म्हणाच लागते की इंजिनवरची आधी पडली. तो चुकला नाई, मीही नाई." ती थांबली. "मंग बाबाही खरे?"

"अर्धा धडा झाला," मी म्हणाले. "त्या दोन विजांनी एकमेकींना पाहिलं होतं का? इंजिनवरची पडली म्हणून मागची पडली का?"

"नाई. ढगातून पडल्या."

"योगेशनं वीट काहून उचलली?"

"बाबांनी मारलं म्हणून."

"जिथं 'म्हणून' आलं, तिथं क्रम ठरला. ज्या दोन गोष्टींत उजेडालासुद्धा इकडून तिकडे जायला वेळ मिळत नाही, त्यांचाच क्रम पाहणाऱ्यावर अवलंबून असतो. पाना पडल्यावर वीट उडेपर्यंत तू किती मोजशील?"

तिनं डोळे मिटले. तिचे ओठ हलले. "तीन."

"तीन म्हणेपर्यंत उजेड चंद्रावर जाऊन परत येतो. पाना न् वीट यांच्यात चार हात जागा होती. कोणत्याही गाडीत बस, आधी पाना, मग वीट. तुझ्या ऑटोला तर पुलाचा चढ चढताना दम लागतो."

ती हसली. मला वाटतं, त्या आठवड्यात पहिल्यांदा.

दारात अनुप उभा होता. केव्हापासून, ते कळलं नाही.

"काय शिकवून राहिली तू तिले?" तो हळू म्हणाला. "मले आत टाकाले पाठवून राहिली का माय?"

"तिला विचारलं ते सांगितलं."

"सांग वं दीक्षे. काय सांगशील मॅडमले?"

दीक्षा उभी राहिली. "आधी पाना, बाबा."

त्याची थप्पड इतकी जोरात पडली की तिचं डोकं कपाटाच्या कडीवर आदळलं. कानामागून रक्ताची धार मानेवर आली. त्यानं पुन्हा हात उचलला तेव्हा मी मध्ये गेले. त्यानं मला दोन्ही हातांनी ढकललं. मी पाट्याच्या दगडावर उजव्या मनगटावर पडले आणि आतलं हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला, कापसाची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा. सून दीपमाला स्वयंपाकघरातून धावत आली आणि त्याच्या कमरेला लटकली. त्यानं तिला भिंतीवर झटकलं, खुर्ची उचलून आरशावर फेकली, आणि मग सगळ्या घरात एकट्या त्याच्याच श्वासाचा आवाज उरला. त्यानं आमच्याकडे पाहिलं आणि चपला न घालता तो बाहेर गेला.

दीपमालानं दीक्षाच्या कानामागे हळद दाबली. माझा हात ओढणीनं बांधताना तिनं वर पाहिलं नाही. "आई, तो जेलात गेला तर आमचं कसं?" ती म्हणाली. "पोरीले बाप तर पाह्यजे."

माझ्या आईलाही त्या कागदावर अंगठा देताना हेच कोणीतरी विचारलं असेल. मी ठरवलं, दीक्षा काय सांगायचं ते सांगेल. माझ्या हाताचं मात्र मी मोरीत पाय घसरला म्हणून सांगेन. आई आहे मी त्याची.

मॅडम अकरा वाजता आल्या, साध्या सलवार-कुर्त्यात. दीक्षाला त्यांनी आधी शाळेचं विचारलं, मग आवडीच्या भाजीचं. मग त्या दुपारचं.

"बेटा, तू चालत्या ऑटोत होतीस. तुला नीट दिसलं असेल का?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. चौसष्ट वर्षांत प्रश्न तसूभर बदलला नव्हता.

"दिसलं," दीक्षा म्हणाली. "योगेशकाका वाकले होते. बाबांनी पाना मारला. मंग मी तीन मोजेन इतका वेळ गेला. मंग काकांनी वीट मारली."

"तू बाबांना घाबरतेस का?"

"हो," ती म्हणाली. "पण आधी पाना."

मॅडमनी लिहिलं. मग त्यांची नजर तिच्या कानामागच्या हळदीवर गेली, फुटक्या आरशावर, आणि शेवटी माझ्या हातावर. "आणि हे काय झालं, आजी?"

मोरी माझ्या जिभेवर होती. दीक्षा माझ्याकडे पाहत होती. आरोपीकडे पाहावं तशी नाही, परीक्षेत शेवटचं गणित सोडवताना पोरं बाईंकडे पाहतात तशी. जे शिकवलं ते खरंच का, एवढंच त्या नजरेत होतं.

"आधी पोरीनं खरं सांगितलं," मी म्हणाले. "म्हणून त्यानं तिला मारलं. म्हणून मी मध्ये गेले. म्हणून त्यानं मला ढकललं. म्हणून हात मोडला."

दीपमाला दारातून आत गेली. आत भांडं पडल्याचा आवाज झाला.

"सही करता येईल का?" मॅडमनी कागद पुढे केला.

"आधी वाचून दाखवा."

त्यांनी सगळं वाचलं. 'एकाच वेळी' कुठंही नव्हतं. उजव्या हातानं पेन धरवत नव्हतं. चाळीस वर्षं फळ्यावर लिहिणाऱ्या बाईनं डावा अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. दीक्षानं कागद हलू नये म्हणून दुसरं टोक धरलं होतं.