लॅपटॉप कोणी भिजवला

"चालू करून बघू नका," असं मी म्हणेपर्यंत मावशींनी बटण दाबलंसुद्धा.

लॅपटॉप ढिम्म. "सकाळपासून सगळेच दाबून बघतायत," त्या म्हणाल्या, "म्हटलं, इथे तरी होईल." भिजलेल्या यंत्राचा जीव पाणी घेत नाही, हे दाबून बघणं घेतं. वीस वर्षं हेच सांगून माझा घसा बसला, पण गिऱ्हाइकाचं बोट काही थांबत नाही.

मावशी माझ्या दुकानासमोरच्या कार्यालयात झाडलोट करतात. तिथले कॉम्प्युटर वर्षभर सांभाळायचं कंत्राट माझं, त्यामुळे आमची ओळख जुनी. लॅपटॉप तिथल्या साहेबांचा. तो त्यांनी मावशींच्या हातात देऊन फर्मावलं होतं, की तू भिजवलास, आता तूच दुरुस्त करून आण, नाहीतर पुन्हा कामावर येऊ नकोस. वयाने त्या साहेबांच्या आईएवढ्या, पण हाक एकेरी. घरात कमावणाऱ्या मावशी एकट्याच, आणि नोकरी अशी की साहेबांच्या एका शब्दावर जाणारी.

"तुम्ही भिजवलात?" मी विचारलं.

मावशींनी मान खाली घातली. सकाळी साहेबांचं टेबल पुसताना लॅपटॉपची बटणं हाताला चिकट लागली. दुसऱ्या कुणी तिकडे काणाडोळा केला असता, पण मावशींना चिकट काही दिसलं की चैन पडत नाही. त्यांनी फडका ओला केला, घट्ट पिळला आणि बटणांवरून फिरवला. तासाभराने साहेब आले, लॅपटॉप सुरू होईना. कोणी हात लावला होता, असं त्यांनी विचारताच मावशींनी सरळ सांगून टाकलं. खोटं बोलायची सवय असती तर वाचल्या असत्या.

मी मागचे स्क्रू काढले, बॅटरी सुटी केली आणि झाकण उघडून भिंग लावलं. आत बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. कीबोर्डखाली पिवळट चिकटा साचला होता, वाळून पापुद्रा झालेला. वास घेतला तर गोड. बाजूच्या पिनांवर हिरवा गंज चढला होता, आणि असा गंज काही एका सकाळीत चढत नाही. दोन-तीन आठवड्यांपूर्वी कोणीतरी यावर थंड पेयाचा ग्लास उपडा केला होता, वरवर टिपून घेतलं होतं आणि गुपचूप काम चालू ठेवलं होतं. गंज आतून वाढत गेला आणि आज यंत्र बंद पडलं. मावशींच्या फडक्याचं पाणी तर बटणांच्या खालीदेखील उतरलेलं नव्हतं.

मी मावशींना बोलावून भिंगातून दाखवलं. त्यांना पिना कळल्या नाहीत, पण चिकटा बरोबर कळला. तो ओळखण्यातच त्यांचा जन्म गेला होता.

"म्हणजे मी नाही?"

"तुम्ही नाही, मावशी."

मघापासून बसा म्हणत होतो तर बसत नव्हत्या, त्या आता स्टुलावर बसल्या. मग डोळ्यांना पदर लावला. मला साहेबांचा असा संताप आला की हातातला ब्रश बाजूला ठेवावा लागला.

दोन दिवस खपून मी बोर्ड स्पिरिटने धुतला, वाळवला, कीबोर्ड नवा घातला. लॅपटॉप सुरू झाला. सोबत कागदावर लिहिलं: गोड पेय सांडल्याने बिघाड, दोन ते तीन आठवड्यांपूर्वीचा. खाली सही केली आणि मावशींना घेऊन स्वतः कार्यालयात गेलो.

साहेबांनी कागद वाचला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण आवाज गोडच. एवढं सविस्तर कशाला, म्हणाले, 'पाणी गेल्याने बिघाड' पुरे. तुम्हाला पुढल्या वर्षी कंत्राट हवंच असेल ना. मी म्हटलं, पाणी गेलेलंच नाही तर लिहू कसं? तेव्हा त्यांनी कागद खणात टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मावशींना म्हणाले, "जा, या वेळी माफ केलं तुला."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मावशीच बोलल्या. "माफी नको साहेब. मी सांडलं नव्हतं."

आवाज चढला नव्हता, तरी आसपासचे सगळे हातातलं काम थांबवून बघू लागले. साहेब लॅपटॉपमध्ये डोकं घालून म्हणाले, बरं बरं, कामाला लाग. एवढ्या लोकांदेखत मावशींना काढायची छाती काही त्यांची झाली नाही. चूक झाली, एवढे दोन शब्दही तोंडातून निघाले नाहीत. आजही आठवलं की माझं रक्त उसळतं.

कंत्राट अर्थातच दुसऱ्याला गेलं. महिन्याभराने माझी राहिलेली हत्यारं आणायला गेलो. फरशी लखलखत होती, खिडक्यांच्या काचा, टेबलं, सगळं आरशासारखं. साहेबांच्या टेबलावर मात्र बोटभर धूळ आणि ग्लासांचे डाग, डागावर डाग चढलेले. साहेब रुमालाने कोपराखालची जागा घासत होते.

मी मावशींकडे बघितलं.

"त्यावर त्यांचं मशीन असतं," त्या म्हणाल्या. "मी हात लावत नाही. तसं सांगितलंय त्यांना."

"काही बोलले नाहीत?"

"काय बोलणार? स्वतःच पुसतात." मावशींनी घटकाभर साहेबांच्या हाताकडे पाहिलं. "जमत नाही त्यांना," त्या म्हणाल्या, आणि फडका पिळून पुढचं टेबल पुसायला लागल्या.